विवराचा वीर आणि शाळेचे पैसे

व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्ग शहराला लागून एक मोठा खड्डा आहे. आज त्यावर गवत आहे आणि सरकारने तो राष्ट्रीय रणभूमी म्हणून जपला आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या खाणकामगारांनी पाचशे फुटांहून लांब भुयार खणले, त्यात ८,००० पौंड दारू ठासली आणि ३० जुलै १८६४च्या पहाटे दक्षिणेच्या तटबंदीचा एक तुकडा माणसांसकट आभाळात उडवून दिला. तोच हा खड्डा. धुरळा बसल्यावर उत्तरेच्या सैनिकांनी पुढे धावून जायला हवे होते. ते या विवरातच उतरले आणि अडकले. तेवढ्यात दक्षिणेचा एक किडकिडीत सेनापती आपल्या पलटणी घेऊन चालून आला आणि हातची गेलेली लढाई त्याने दुपारपर्यंत परत मिळवली. त्याचे नाव विल्यम महोन. १९२७ साली ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ या संघटनेने (कॉन्फेडरसी म्हणजे फुटून निघालेली दक्षिणेची राज्ये) त्याच्या नावाचा दगड तिथे उभारला.

तो दगड त्या एका सकाळीसाठी आहे. महोन त्यानंतर ३१ वर्षे जगला. त्याने सुमारे ४०० मैलांची रेल्वे एका छत्राखाली आणली आणि ती बुडवली. त्याने एक पक्ष काढला आणि गोऱ्या शेतकऱ्यांना व कालपरवा गुलाम असलेल्या माणसांना एकाच मतपेटीपाशी आणले. राज्याचे कर्ज त्याने छाटायला लावले, सरकारी शाळा जगवल्या, अमेरिकेच्या सिनेटचे पारडे एका मताने फिरवले. यातले काहीच त्या दगडाच्या कामाचे नव्हते.

व्हर्जिनियाची राजधानी रिचमंड, तिथल्या मॉन्युमेंट अव्हेन्यूवरचे कॉन्फेडरेट, म्हणजे दक्षिणेच्या बाजूच्या पुढाऱ्यांचे पुतळे २०२० आणि २०२१मध्ये उतरवले गेले. दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ई. ली यांचा घोड्यावरचा पुतळा सर्वांत शेवटी गेला. त्या काळात दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आणि इथे आपल्याकडेही ते चवीने वाचले गेले. पुतळ्यांच्या भांडणात आपण काही मागे नाही. पण सगळा वाद उभ्या असलेल्या पुतळ्यांचा होता. जे पुतळे कधी उभेच राहिले नाहीत त्यांच्याबद्दल फारसे कोणी विचारले नाही. मला तो प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. महोनला व्हर्जिनियाने विसरलेले नाही, त्याचे दोन तुकडे केले आहेत. एक तुकडा दगडात कोरला आणि दुसरा पुरला. पुरलेला तुकडा अडचणीचा होता, कारण पुढच्या ऐंशी वर्षांत जे केले गेले ते अटळ नव्हते, याचा तो पुरावा होता.

आता हा माणूस कोण, ते पाहू. त्याला संत करण्याचा माझा इरादा नाही आणि तो होणारही नाही.

जन्म १८२६चा, व्हर्जिनियाच्या साउथॅम्प्टन परगण्यातला. तो चार वर्षांचा असताना याच परगण्यात नॅट टर्नरचे बंड झाले, म्हणजे गुलामांनी मालकांवर हत्यार उचलले आणि त्याचा सूड भयंकर रीतीने उगवला गेला. बाप खाणावळ चालवणारा, घरात पैसा बेताचा. पोरगा लेक्सिंग्टनच्या व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटमध्ये सरकारी खर्चाने शिकला आणि १८४७ साली बाहेर पडून फेडीदाखल एका शाळेत शिकवू लागला. हा तपशील पुढे कामाला येणार आहे. ज्याच्या शिक्षणाचा खर्च राज्याने उचलला, तो शाळांच्या पैशांवरून राज्यकर्त्यांशी भांडला.

मग तो रेल्वेत शिरला. नॉरफोक ते पीटर्सबर्ग मार्गाचा मुख्य अभियंता झाला आणि वाटेत ‘ग्रेट डिस्मल स्वॅम्प’ नावाची दलदल आडवी आली. भराव टाकावा तर तो चिखलात नाहीसा होई. महोनने झाडांचे ओंडके एकमेकांना काटकोनात रचून त्यांची चटई केली आणि रूळ तिच्यावर टाकले. १८५८मध्ये मार्ग पुरा झाला. त्यातला ५२ मैलांचा पट्टा सुतासारखा सरळ आहे आणि कोळशाने लादलेल्या गाड्या आजही त्यावरून धावतात. दक्षिणेतल्या त्या वेळच्या बहुतेक रेल्वेंप्रमाणे ही कामेसुद्धा गुलाम मजुरांच्या पाठीवर उभी राहिली, हे विसरून चालणार नाही. बायको ओटीलिया वाचनवेडी होती. वाटेतल्या स्थानकांची नावे नवराबायकोने वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांतून काढली आणि एका स्थानकावर एकमत होईना तेव्हा त्याचे नाव ‘डिस्प्युटांटा’ ठेवले, असे सांगतात. वादपूरच म्हणा ना!

युद्धात तो कर्नल झाला, मग ब्रिगेडियर जनरल, आणि विवराच्या लढाईनंतर मेजर जनरल. अंगकाठी अशी की वजन जेमतेम शंभर पौंडांच्या आसपास. पोट कायम बिघडलेले, म्हणून मोहिमेवरसुद्धा दुधाला गाय आणि अंड्यांना कोंबड्या बरोबर असत. एकदा तो जखमी झाला तेव्हा ओटीलियाला निरोप गेला की काळजी नको, जखम नुसती मांसाला आहे. ती म्हणाली, विल्यमच्या अंगावर मांस आहेच कुठे? ही गोष्ट बहुतेक घासूनपुसून गुळगुळीत झालेली असणार, पण सोडवत नाही.

युद्ध हरल्यावर तो पुन्हा रुळांकडे वळला. १८७०मध्ये तीन कंपन्या जोडून नॉरफोकपासून ब्रिस्टलपर्यंत जाणारी ‘अटलांटिक, मिसिसिपी अँड ओहायो’ रेल्वे उभी राहिली. ए, एम, ओ ही तिची आद्याक्षरे. लोक म्हणत, याचा अर्थ ‘ऑल माइन अँड ओटीलियाज’, सगळे माझे आणि ओटीलियाचे. हे विलीनीकरण विधिमंडळातून काढून घेण्यासाठी त्याने जी खटपट केली ती काही गंगाजलाने धुतलेली नव्हती. राज्याच्या मालकीचे रेल्वे-समभाग त्याच्या कंपनीच्या घशात गेले आणि त्याचे पैसे राज्याला वेळेवर मिळाले नाहीत. १८७३ची मंदी आली, लंडनला विकलेल्या रोख्यांचे व्याज थकले आणि १८७६मध्ये कंपनी न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकांच्या ताब्यात गेली. १८८१मध्ये फिलाडेल्फियाच्या भांडवलदारांनी ती विकत घेऊन तिचे नाव ‘नॉरफोक अँड वेस्टर्न’ ठेवले. १८७७मध्ये महोनने गव्हर्नरपदाची उमेदवारी मागितली होती, तीही मिळाली नव्हती.

म्हणजे रेल्वे गेली, पद मिळाले नाही, आणि मग या गृहस्थांना गोरगरिबांचा पुळका आला. त्याचे विरोधक हेच म्हणत आणि त्यात तथ्य होते. आपल्याकडे साखर कारखाना हातातून गेल्यावर शेतकऱ्यांच्या प्रश्नावर रस्त्यावर उतरणारे नेते आपण पाहिले आहेत, तेव्हा ही जात आपल्या ओळखीची आहे. पण नेत्याचा हेतू स्वार्थी होता एवढे सिद्ध केले की त्याने केलेल्या कामाचा हिशेब मिटला, असे आपण फार सहज समजतो. महोनच्या बाबतीत तरी तो हिशेब मांडून पाहावा लागेल, आणि तो मांडायचा तर आधी व्हर्जिनियाचे कर्ज समजून घ्यायला हवे.

युद्धाआधी व्हर्जिनियाने कालवे, रस्ते आणि रेल्वेसाठी रोखे काढून प्रचंड कर्ज उचलले होते. युद्ध सुरू झाले तेव्हा ते तीन कोटी डॉलरच्या पुढे गेले होते. युद्धात रूळ उखडले गेले, पूल जळाले, आणि १८६३मध्ये राज्याचा पश्चिम भाग तुटून वेस्ट व्हर्जिनिया वेगळे झाले. व्याज मात्र थांबले नाही. १८७१पर्यंत आकडा साडेचार कोटींच्या घरात पोचला. त्या वर्षी विधिमंडळाने ‘फंडिंग अॅक्ट’ केला. कर्जाचा एक तृतीयांश वाटा वेस्ट व्हर्जिनियाचा, असे म्हणून बाजूला ठेवला आणि उरलेल्या दोन तृतीयांशासाठी सहा टक्के व्याजाचे नवे रोखे दिले. या रोख्यांना कूपने होती, आणि सरकारी कर भरताना ती कूपने रोख पैशांच्या जागी चालतील, असे कायद्यात लिहिले होते.

ही कूपनची कलमबाजी ज्याने सुचवली त्याच्या बुद्धीला दाद द्यावी लागेल. याचा परिणाम काय झाला? ज्याच्याकडे पैसा आहे तो बाजारातून पडत्या भावाने कूपने घ्यायचा आणि त्यांवर आपला कर पूर्ण किमतीने भागवायचा. तिजोरीत नोटांऐवजी कागदाचे कपटे यायचे. शिक्षकाचा पगार मात्र कूपनने देता येत नाही. खरी रोकड यायची ती छोट्या शेतकऱ्याकडून आणि मजुराकडून, ज्यांना कूपन कुठे मिळते हेसुद्धा ठाऊक नव्हते. सावकाराचे व्याज असे कराच्या दारातच कापले जात होते आणि उरलेल्या खरकट्यावर राज्य चालवायचे होते.

युद्धानंतरच्या नव्या संविधानाने व्हर्जिनियात पहिल्यांदा सर्वांसाठी सरकारी शाळा आणल्या होत्या. १८७०मध्ये त्या सुरू झाल्या. पैशांची ओढाताण झाली तेव्हा या शाळांचा निधी व्याजाकडे वळवला गेला. १८७८-७९मध्ये शाळा धडाधड बंद पडल्या आणि पटावरची मुले जवळजवळ निम्म्यावर आली. गव्हर्नर हॉलिडे यांचे मत असे होते की सरकारी शाळा ही चैन आहे, ज्याला ती हवी त्याने तिचे पैसे मोजावेत. कर्ज पै न पै फेडलेच पाहिजे, व्हर्जिनियाच्या अब्रूचा प्रश्न आहे, असे म्हणणाऱ्यांना ‘फंडर’ म्हणत.

अब्रूचा मुद्दा मला हसण्यावारी न्यायचा नाही. घेतलेले कर्ज फेडावे, ही साधी नीती आहे आणि आपल्या घराघरांत ती शिकवली जाते. पण इथे कर्ज काढले कोणी? ते काढले युद्धाआधीच्या, जमीनदारांच्या पकडीतल्या विधिमंडळाने. त्या वेळी राज्यातला काळा माणूस मतदार नव्हता. बहुतेक काळे लोक तर स्वतःच कोणाच्या तरी मालमत्तेच्या यादीत होते. त्या कर्जाचे हप्ते आता त्याच माणसाच्या मुलांच्या शाळा बंद करून भरायचे आणि वर त्याला अब्रू म्हणायचे? धन्याने उडवलेल्या पैशांची वसुली गड्याच्या पोराच्या पाटी-पेन्सिलीतून करायची, असा तो न्याय होता.

कर्जाची फेरजुळणी करा, जे न्याय्य तेवढेच भरा, असे म्हणणारे ते ‘रीअॅडजस्टर’. १८७९मध्ये महोनच्या नेतृत्वाखाली त्यांनी पक्ष बांधला आणि त्याच वर्षी विधिमंडळ जिंकले. १८८१मध्ये विल्यम कॅमेरॉन त्यांचा गव्हर्नर झाला. डोंगराळ भागातला गरीब गोरा शेतकरी आणि दक्षिणेकडच्या तंबाखूच्या पट्ट्यातला काळा शेतमजूर, या दोघांची मते मिळून ही सत्ता आली. त्यांना एकमेकांचे प्रेम नव्हते. गोऱ्या रीअॅडजस्टरांपैकी कित्येकांना काळा माणूस शेजारी बसलेला खपला नसता. पण शाळा दोघांनाही हवी होती, आणि करांचे ओझे दोघांच्याही पाठीवर होते.

पुढे काय झाले ते मला या माणसाच्या सगळ्या लढायांहून मोलाचे वाटते. १८८२च्या फेब्रुवारीत ‘रिडलबर्गर अॅक्ट’ झाला. त्याने कर्ज सुमारे दोन कोटी दहा लाखांवर आणले आणि व्याज तीन टक्के केले. १८७६पासून मत देण्याआधी डोईपट्टी भरावी लागे, तीच ‘पोल टॅक्स’ म्हणून कुप्रसिद्ध आहे. ती रद्द झाली. भुरट्या चोरीला चाबकाचे फटके देण्याचा खांब, ‘व्हिपिंग पोस्ट’, उखडला गेला. त्या खांबाला एक राजकीय बाजूही होती. भुरट्या चोरीची शिक्षा झाली की मताधिकार जाई, त्यामुळे कोंबडी चोरल्याच्या आरोपावरून मतदार कमी करता येत. रेल्वे कंपन्या आपल्या मालमत्तेची किंमत स्वतःच ठरवून कर भरत, ती पद्धत बंद झाली. स्वतः रेल्वेवाला असलेल्या माणसाच्या पक्षाने हे केले! शाळा पुन्हा उघडल्या, काळ्या मुलांच्या शाळांत काळे शिक्षक नेमले जाऊ लागले.

आणि पीटर्सबर्गला एक संस्था निघाली. ‘व्हर्जिनिया नॉर्मल अँड कॉलेजिएट इन्स्टिट्यूट’. काळ्या विद्यार्थ्यांसाठी, राज्याच्या खर्चाने. आजची व्हर्जिनिया स्टेट युनिव्हर्सिटी ती हीच. तिच्यासाठी १,००,००० डॉलर आले ते महोनच्या बुडालेल्या रेल्वेच्या लिलावातून राज्याच्या वाट्याला आलेल्या रकमेतले. ज्या रेल्वेंसाठी राज्य कर्जात बुडाले, त्याच रेल्वेच्या भंगारातून शाळेचा पाया घातला गेला.

तेच १८८२ साल. इकडे पुण्यात ऑक्टोबर महिन्यात जोतिराव फुले हंटर आयोगापुढे निवेदन देत होते. त्यांचे म्हणणे, सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्या वर्गांकडे; प्राथमिक शिक्षण बहुजनांपर्यंत न्या, विशिष्ट वयापर्यंत ते सक्तीचे करा. फुल्यांना अमेरिकेतला गुलामीचा प्रश्न परका नव्हता. १८७३ची ‘गुलामगिरी’ त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांनाच अर्पण केली होती. फुलेही बांधकामाची कंत्राटे घेत आणि पुणे नगरपालिकेत बसत, म्हणजे धंदा आणि लोकप्रतिनिधित्व दोन्ही सांभाळत होते. महोनला फुल्यांच्या पंगतीत बसवायचा माझा विचार मुळीच नाही. एकाने आयुष्य प्रश्नाला वाहिले, दुसऱ्याने प्रश्न आपल्या आयुष्याला जुंपला. पण करदात्याच्या पैशांतून आधी कोणाचे देणे भागवायचे, हा सवाल मात्र पीटर्सबर्गला आणि पुण्याला एकाच वर्षी सारखाच पडला होता.

सिनेटची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती पुष्कळदा नुसता चुटका म्हणून सांगितली जाते. १८८१च्या मार्चमध्ये महोन वॉशिंग्टनला पोचला तेव्हा ३७ रिपब्लिकन, ३७ डेमोक्रॅट, एक अपक्ष आणि हा एक रीअॅडजस्टर असे बलाबल होते. अपक्ष डेव्हिस डेमोक्रॅटांकडे झुकलेला. महोन रिपब्लिकनांच्या बाजूने उभा राहिला, बरोबरी झाली आणि उपराष्ट्राध्यक्ष आर्थर यांच्या निर्णायक मताने रिपब्लिकनांची सरशी झाली. कॉन्फेडरेट जनरल लिंकनच्या पक्षाला जाऊन मिळाला म्हणून दक्षिणेत हाहाकार उडाला. बदल्यात त्याला व्हर्जिनियातल्या टपाल आणि जकात खात्यातल्या केंद्रीय नोकऱ्या वाटण्याचा हक्क मिळाला आणि त्याने तो मनसोक्त वापरला. नोकरी मिळालेल्यांच्या पगारातून पक्षनिधी कापला जाई. त्या निधीतून गरीब मतदारांची डोईपट्टीही भरली गेली, म्हणजे भ्रष्टाचार आणि लोकशाही एकाच थैलीतून चालत होत्या.

आता त्याच्यावरचे आक्षेप. ते हलके नाहीत.

पक्षात तो हुकूमशहा होता. विधिमंडळाच्या उमेदवारांकडून तो आधीच लेखी शपथ घेई की पक्षाच्या बैठकीत ठरेल तसेच मत देऊ. त्यावरून राज्याच्या सिनेटमधले त्याचेच काही सदस्य फुटले. काळ्या मतांवर मोठा झालेला हा माणूस काळ्या नेत्याला बरोबरीची जागा द्यायला तयार नव्हता. जॉन मर्सर लँगस्टन हे पीटर्सबर्गच्या त्याच नव्या संस्थेचे पहिले अध्यक्ष. १८८८मध्ये ते काँग्रेसच्या निवडणुकीला उभे राहिले तेव्हा महोनने त्यांच्या विरोधात ताकद लावली आणि मते फोडली. लँगस्टन यांनी निकालाला आव्हान दिले आणि १८९०च्या सप्टेंबरमध्ये ते सभागृहात बसले, व्हर्जिनियातून काँग्रेसमध्ये गेलेले पहिले कृष्णवर्णीय प्रतिनिधी म्हणून. महोनच्या मदतीशिवाय, त्याच्या छातीवर पाय देऊन.

सर्वांत जड आक्षेप खुद्द विवराचा आहे. त्या खड्ड्यात उत्तरेच्या बाजूने लढणाऱ्या काळ्या सैनिकांच्या पलटणी होत्या. त्यांतल्या कित्येकांना शस्त्रे खाली टाकल्यावर ठार मारले गेले. मारणारे महोनच्या हुकमतीखालचे होते. सेनापती म्हणून ती जबाबदारी त्याची आहे आणि १८८२चा कोणताही कायदा ती धुऊन काढत नाही. शिवाय ‘विवराचा वीर’ ही पदवी त्याने पुढे राजकारणात नाण्यासारखी खर्चली.

म्हणून काही जण म्हणतात, हा माणूस नकोच. कॉन्फेडरेट तो कॉन्फेडरेट. मला हे पटत नाही. त्याला क्षमा करा असे माझे म्हणणे नाही; मरणाऱ्यांच्या वतीने क्षमा करणारे आपण कोण? पण या भूमिकेचा फायदा कोणाला होतो ते पाहा. महोनचे संपूर्ण आयुष्य बाजूला सारले की १९२७चा दगडच खरा ठरतो. दगड उभारणाऱ्यांनाही हेच हवे होते, की या माणसाने ३० जुलै १८६४नंतर जे काही केले ते कोणी विचारू नये.

त्यांनी हे केले कसे, तेही पाहण्यासारखे आहे. महोन रीअॅडजस्टर होताच त्याच्या जुन्या सहकाऱ्यांनी वाद उकरून काढला की त्या सकाळी हल्ल्याचा हुकूम दिला तरी कोणी? श्रेय त्याच्याच हाताखालच्या अधिकाऱ्याचे, असा दावा निघाला. जिवंतपणी, सत्तेत असताना, त्याच्याकडून विवरसुद्धा काढून घ्यायची तयारी चालली होती. तो मेल्यावर आणि त्याचे राजकारण पूर्ण पुसून झाल्यावर १९२७मध्ये विवर त्याला परत देण्यात आले.

राजकारण कसे पुसले? १८८३च्या निवडणुकीच्या तोंडावर तंबाखूच्या व्यापाराचे शहर असलेल्या डॅनव्हिलमध्ये गोऱ्या व्यापाऱ्यांनी एक पत्रक काढले. आमच्या शहरावर काळ्यांचे राज्य आले आहे, अशी ओरड त्यात होती. मतदानाच्या तीन दिवस आधी, ३ नोव्हेंबरला, तिथल्या रस्त्यावर गोळीबार झाला आणि चार काळी माणसे मारली गेली. बातमी राज्यभर अशी पसरवली गेली की जणू काळ्यांनीच उठाव केला. पश्चिमेकडचा गोरा शेतकरी घाबरला, डेमोक्रॅटांनी विधिमंडळ जिंकले. १८८९मध्ये महोन रिपब्लिकन म्हणून गव्हर्नरपदाला उभा राहिला आणि पडला. १८९५मध्ये वॉशिंग्टनला मेला.

यातली मेख अशी की जिंकलेल्यांनी कर्जाचा तोडगा उलटवला नाही. शाळाही चालू ठेवल्या. रीअॅडजस्टरांची ती दोन्ही कामे त्यांनी निमूटपणे पदरात घेतली, कारण तोपर्यंत ती गोऱ्या मतदारालाही हवी होती. त्यांनी मोडली ती फक्त युती. आधी निवडणूक कायदे बदलून यंत्रणा आपल्या हाती घेतली, मग १९०२मध्ये नवे संविधान आणले आणि ते जनतेच्या मताला न टाकता परस्पर लागू केले. डोईपट्टी परत आली. काळे मतदार एका फटक्यात मूठभर उरले आणि गरीब गोऱ्यांतलेही असंख्य गळाले. रीअॅडजस्टरांनी १८८२मध्ये रद्द केलेला हा कर व्हर्जिनियाच्या निवडणुकांतून कायमचा गेला तो १९६६मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. मध्ये ८४ वर्षे गेली.

त्या मधल्या वर्षांत व्हर्जिनियाच्या शाळकरी मुलांना शिकवले गेले की दोन वंशांचे एकत्र राजकारण हा युद्धानंतर बाहेरच्यांनी लादलेला गोंधळ होता, मातीतल्या माणसांनी तो निस्तरला, आणि मग सगळे आपापल्या जागी गेले. या गोष्टीत महोन कुठे बसणार? तो बाहेरचा नव्हता. साउथॅम्प्टनचा खाणावळवाल्याचा पोरगा, ली यांच्या फौजेतला जनरल. त्याने ते राजकारण उत्तरेच्या संगिनीखाली केले नाही, निवडणूक जिंकून केले. मातीतल्याच लाखभर माणसांनी त्याला मते दिली. हे मुलांना कळले असते तर त्यांनी विचारले असते, मग ते मोडले कोणी?

माझ्या मते महोनचा पुतळा कुठेही उभारू नये. पुतळ्याला हिशेब मांडता येत नाही. तो एकतर नमस्कार मागतो नाहीतर दगड खातो. पण विवराशेजारच्या त्या दगडालगत एक साधा फलक लावायला काय हरकत आहे? त्यावर खड्ड्यात मारलेल्या काळ्या सैनिकांचा उल्लेख असावा, कूपनांचा असावा, बंद पडलेल्या आणि परत उघडलेल्या शाळांचा असावा, डॅनव्हिलचा असावा. लँगस्टन यांचे नाव तर आधी असावे. वाचणाऱ्याला गोंधळल्यासारखे झाले तरी चालेल.

पीटर्सबर्गमधले महोनचे राहते घर पुढे दुसऱ्या कुटुंबाकडे गेले आणि १९२०च्या दशकात त्यांनी ते शहराला वाचनालयासाठी दान दिले. दानाची अट अशी की काळ्या वाचकांनी तळघरात बसावे, त्यांचे दारही वेगळे. १९६०च्या फेब्रुवारीत शंभराहून अधिक काळी माणसे, बहुतेक विद्यार्थी, त्या घराच्या वरच्या, गोऱ्यांसाठी राखलेल्या मजल्यावर जाऊन बसली. त्यांतली बरीच मुले रेल्वेच्या लिलावातल्या पैशांवर उभ्या राहिलेल्या त्याच कॉलेजची होती. त्यांचे पुढारी होते गिलफील्ड बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री वायट टी वॉकर. त्यांनी ग्रंथपालाकडे एक पुस्तक मागितले. रॉबर्ट ई. ली यांच्या चरित्राचा पहिला खंड. मार्चमध्ये त्यांना अतिक्रमणाच्या आरोपाखाली अटक झाली.